आडातच नाही, की पोहराच बुडाला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: साठ-पासष्ट वर्षं रेडिओ दुर्बिणी लावून बसलात, हाती काय लागलं? शून्य. मग परग्रहावरची बुद्धिमान जीवसृष्टी शोधणं, ज्याला 'सेटी' म्हणतात ते, विज्ञान कसं? उडत्या तबकड्या बघणाऱ्यांत आणि तुमच्यात फरक काय? शेवटी एक टोलाही आहे: खरंच काही सापडलं तर लोकांना सांगाल का?

मी रेडिओ खगोलशास्त्रात पंचवीसेक वर्षं काढली, त्यातली बहुतेक आरएफआयमागे. आरएफआय म्हणजे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट. मोबाईलचे टॉवर, उपग्रह, विमानतळाची रडार, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळं त्यात आलं. शास्त्रज्ञ आकाशाकडे बघतात, मी त्यांच्या डेटातला कचरा काढते. तेव्हा पुढचं उत्तर हे झाडू हातात असलेल्या बाईचं आहे, तत्त्वज्ञाचं नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. सिग्नल सापडत नाहीत असं मुळीच नाही. पोत्याने सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे कान लावला, तेव्हा संगणकाने ४० लाखांहून जास्त संशयित टिपून काढले. एका ताऱ्याच्या दिशेने! सापडणं ही अडचण नाहीच. सापडलेला प्रत्येक सिग्नल आपल्याच घरातला निघतो, ही अडचण आहे.

माझ्याच सुरुवातीच्या दिवसांतला किस्सा सांगते. वेधशाळा कुठली ते सोडून द्या. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळच्या निरीक्षणात सलग तीन दिवस एक बारीक रेघ दिसली. आमच्याकडे 'वॉटरफॉल' नावाचा आलेख असतो. फ्रिक्वेन्सी आडवी, वेळ उभी, आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे ठिपका उजळ. जमिनीवरचा धड ट्रान्समीटर त्यात सरळ उभी रेघ काढतो, कारण तोही पृथ्वीवर आणि दुर्बीणही पृथ्वीवर. माझी रेघ तिरकी होती. बाहेरचा सिग्नल असाच तिरका यायला हवा. पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर आपण फिरतो, आणि लांब जाणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा सूर उतरावा तशी फ्रिक्वेन्सी सरकत जाते. हे सरकणं फार थोडं असतं. १४०० मेगाहर्ट्झला, पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, सेकंदाला जास्तीत जास्त ०.१६ हर्ट्झ.

माझी रेघ त्याहून कितीतरी वेगाने सरकत होती. मी काय केलं? तो ग्रह आपल्यापेक्षा जोरात फिरत असेल, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. रेघ हवी त्यापेक्षा जाडसर होती. तेही मनावर घेतलं नाही. रात्री झोप नाही. घरी फोन करून आईला अर्धवट काहीतरी सांगूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी धीर करून आमच्या वरिष्ठांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातभर लांब धरला आणि एवढंच विचारलं, "डिश हलवून बघितलीस का?"

नव्हती हलवली. हलवली. रेघ जागच्या जागी.

मग जीप काढली. हातात धरायचा यागी अँटेना, म्हणजे जुन्या टीव्हीच्या छपरावरच्या काड्यांच्या अँटेनाची धाकटी बहीण, आणि मांडीवर स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर. अँटेना फिरवायचा, काटा जिकडे जास्त वर जाईल तिकडे गाडी घालायची. दोन किलोमीटरवर एका वस्तीत पत्र्याचं घर, बांबूला बांधलेला टीव्हीचा अँटेना आणि त्याच्या गळ्याशी प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला बूस्टर. लांबच्या केंद्राचं चित्र नीट दिसावं म्हणून बसवतात तो. स्वस्तातला बूस्टर बिघडला की सिग्नल वाढवायच्या ऐवजी स्वतःच ओरडायला लागतो. आजींची मालिका सातला लागायची, म्हणून आमची रेघ सातला. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवत जायचा, त्याबरोबर बूस्टरही निवायचा आणि त्याची फ्रिक्वेन्सी सरकायची, म्हणून रेघ तिरकी. आजींना काही केल्या पटेना. "अगं बाई, चित्र तर चांगलं दिसतंय की!" दुसऱ्या दिवशी चांगला बूस्टर नेऊन बसवला, चहा घेतला, निघालो.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. मला फसवलं बूस्टरने नाही. आकडा जास्त येतोय, रेघ जाड आहे, हे मला दिसत होतं. मीच त्याला वकील लावून दिला.

आता वर सांगितलेल्या प्रॉक्सिमाकडे परत येऊ, कारण तिथे हेच नाटक फार मोठ्या रंगमंचावर झालं. 'ब्रेकथ्रू लिसन' हा या क्षेत्रातला सध्याचा सर्वांत मोठा प्रकल्प. २०१५ मध्ये युरी मिल्नर या धनाढ्याच्या १० कोटी डॉलरच्या आश्वासनावर तो सुरू झाला. त्यांची पद्धत साधी आणि चोख आहे. थोडा वेळ ताऱ्याकडे बघायचं, मग डिश बाजूला वळवायची, मग परत ताऱ्याकडे. ताऱ्याकडे बघताना दिसतो आणि मान वळवली की गायब होतो, असाच सिग्नल पुढच्या फेरीत. माझ्या साहेबांचा 'डिश हलवलीस का' हा प्रश्न त्यांनी यंत्रातच बसवून टाकला आहे. शिवाय सिग्नल फ्रिक्वेन्सीत अगदी अरुंद हवा. निसर्गातले सर्वांत अरुंद रेडिओ झरे, म्हणजे अवकाशातले मेसर, तेही काही शे हर्ट्झ रुंद असतात. एक-दोन हर्ट्झची सुईसारखी रेघ निसर्ग काढत नाही, ती यंत्र काढतं.

या सगळ्या चाळण्यांतून २९ एप्रिल २०१९ च्या डेटातला एक सिग्नल पार झाला. ९८२.००२ मेगाहर्ट्झ. अरुंद, सावकाश सरकणारा, ताऱ्याकडे असताना हजर, मान वळवली की गैरहजर, आणि हे जवळजवळ पाच तास. तो शोधला एका विद्यार्थ्याने, पुढच्या वर्षी, उन्हाळी कामात. नाव पडलं बीएलसी-१. डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली आणि माझ्या फोनला दोन दिवस उसंत नव्हती. 'तुमच्या खोडदच्या दुर्बिणीने का नाही बघत?' हे तर इतक्यांनी विचारलं. बघता येत नाही म्हणून. प्रॉक्सिमा इतका दक्षिणेला आहे की जुन्नर तालुक्यातून तो क्षितिजावर जेमतेम आठ अंश चढतो, आणि जीएमआरटीच्या, म्हणजे त्या खोडदच्या दुर्बिणीच्या, डिश तेवढ्या खाली झुकतच नाहीत.

उलगडा झाला तो नुसत्या चिकाटीने. सोफिया शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डेटात तसल्याच चेहऱ्याच्या आणखी रेघा धुंडाळल्या. कित्येक निघाल्या. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना, पण मधली अंतरं ठरावीक. ती अंतरं इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या घड्याळांत नेहमी वापरतात त्या आकड्यांच्या पटीत बसत होती. म्हणजे कुठल्यातरी उपकरणातले दोन-तीन सूर एकमेकांत मिसळून हा चौथा सूर तयार झाला होता. मान वळवली की तो गायब व्हायचा हा निव्वळ योगायोग. ४० लाखांतून एक निवडलात तर असा योगायोग एकदा होणारच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सगळं छापून आलं. वाचताना मला एकदम तो पत्रा आठवला.

याच पार्क्सची दुसरी गोष्ट तर 'काखेत कळसा अन् गावाला वळसा' या म्हणीचं सचित्र उदाहरण आहे. १९९८ पासून तिथे अधूनमधून रेडिओ लहरींचा एक विचित्र झटका यायचा. नाव दिलं पेरिटॉन. त्याचं रूप दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या झटक्यांसारखं होतं, पण तो सगळीकडून आल्यासारखा दिसायचा, म्हणजे पृथ्वीवरचाच. नक्की कुठला ते सापडेना. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ यांच्या गटाने नवीन आरएफआय मॉनिटरचा डेटा ताडून बघितला. पेरिटॉनच्या क्षणी २.४ गिगाहर्ट्झलाही झटका दिसत होता. मायक्रोवेव्ह ओव्हन! आतलं जेवण गरम होतंय आणि कुणीतरी घाईने, टिंग वाजण्याआधीच, दार उघडलं की आतला लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बंद होता होता एक उचकी बाहेर सोडायचा. सतरा वर्षांचं कोडं वेधशाळेच्या खोल्यांतल्या जेवणाच्या डब्यांत.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात आणि तिथेच थांबतात. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पेरिटॉनमुळे कित्येकांना वाटायला लागलं होतं की २००७ मध्ये जाहीर झालेला तो पहिला खराखुरा दूरचा झटका, ज्यांना आज एफआरबी (फास्ट रेडिओ बर्स्ट) म्हणतात त्यातला पहिला, तोही असलाच कुठलातरी ओव्हन असणार. पेरिटॉनचा निकाल लागला आणि दोघे वेगळे झाले. आज एफआरबी हा खगोलशास्त्रातला भरभराटीचा विषय आहे. संशयाने खोटं मारलं, आणि खरं होतं ते त्या संशयातून तावून सुलाखून बाहेर आलं.

जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीचंही तेच. १९६७, केंब्रिज, दुर्बिणीच्या नोंदींची रोज तीसेक मीटर कागदाची पट्टी डोळ्यांखालून घालायची. त्यात एक चिमूटभर जागा खटकत होती. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. गमतीत नाव ठेवलं 'एलजीएम', छोटी हिरवी माणसं. पण तपास गमतीत केला नाही. ही माणसं ग्रहावर राहत असतील तर ग्रह त्यांच्या सूर्याभोवती फिरणार, आणि ठोक्यांची लय महिन्या-महिन्याला थोडी आकुंचन-प्रसरण पावणार. ती बघितली. आपल्या पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसला, त्यांच्या ग्रहाचा नाही. मग बेल यांना आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा ठोका सापडला. दोन ठिकाणची हिरवी माणसं ठरवून एकाच पद्धतीने आपल्याला हाका मारतील? गेला तो विचार. हातात राहिला पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठोके देणारा मृत तारा, खगोलशास्त्राच्या इतिहासातला एक मोठा शोध. माझ्या मते सेटीचा सगळा अभ्यासक्रम या एका प्रसंगात आहे.

'वॉव' सिग्नलबद्दल लिहिलं नाही तर तुम्ही विचारणारच. १५ ऑगस्ट १९७७, अमेरिकेतल्या ओहायोची 'बिग इअर' दुर्बीण. काही दिवसांनी जेरी एमन यांनी संगणकाच्या छापील कागदावर ६ईक्यूयूजे५ ही अक्षरं बघितली, लाल पेनने गोल केला आणि बाजूला 'वॉव' लिहिलं. तो कुठलाही संदेश नाही, हे आधी डोक्यातून काढा. सिग्नलची तीव्रता एका खुणेत मावावी म्हणून नऊनंतर ए, बी, सी वापरायची पद्धत होती, एवढंच. यू म्हणजे पार्श्वभूमीच्या तिसेक पट. ७२ सेकंदांत चढला, उतरला, आणि आकाशातली स्थिर वस्तू त्या दुर्बिणीसमोरून सरकताना जसा चढेल-उतरेल अगदी तसाच. खरंच देखणा. पण त्या दुर्बिणीला शेजारी-शेजारी दोन कर्णे होते. एकात दिसलेलं तीनेक मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यातही दिसायला हवं. दिसलं नाही. नंतर अनेकांनी, अनेकदा तिथे बघितलं. परत कधीच नाही. यावर रोमँटिक लिहिणारे लिहोत. जो सिग्नल परत येत नाही त्यावर कामच करता येत नाही. बिग इअर १९९८ मध्ये पाडली, जागा गोल्फच्या मैदानाला गेली.

हे झालं आमच्या घरातलं. आता तुमचा मूळ आक्षेप.

संशयवाद्यांचे दोन गोट आहेत, आणि त्यांना एका मापाने मोजता येत नाही. एक गोट म्हणतो: असते तर आले असते. १९५० मध्ये लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी 'मग सगळे आहेत कुठे?' अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी त्याचा पक्का युक्तिवाद केला: आकाशगंगा इतकी जुनी आहे की एखादी प्रवासी संस्कृती असती तर एव्हाना सगळीकडे पसरली असती. पसरलेली दिसत नाही, म्हणजे नाहीच. आपल्या भाषेत, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्यात 'पसरलीच असती' हे गृहीत धरलेलं आहे, आणि आपण तर चंद्रावर १९७२ नंतर माणूस उतरवलेला नाही.

दुसरा गोट जीवशास्त्रज्ञांचा. घोडं पेंड खातं ते इथे. अर्न्स्ट मायर हे उत्क्रांतिशास्त्रातलं फार मोठं नाव. १९९५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्यात या विषयावर लेखी वाद झाला. मायर यांचं म्हणणं असं, की पृथ्वीवर अब्जावधी प्रजाती होऊन गेल्या, त्यांतली एकच रेडिओ बनवू शकली. जीव सुरू होणं एकवेळ सोपं असेल, पण बुद्धीकडे जाणारा हमरस्ता उत्क्रांतीत नाही. साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त काळ इथे जीव आहे आणि रेडिओ आला त्याला सव्वाशे वर्षं. मला या आक्षेपावर चोख उत्तर सुचलेलं नाही, आणि खगोलशास्त्रज्ञ तो ज्या सहजतेने झटकतात ते मला आवडत नाही. आपल्यातले पुष्कळ जण ग्रह मोजतात, शून्यं वाढली की खूश होतात. फ्रँक ड्रेक यांचं १९६१ चं ते प्रसिद्ध समीकरण घ्या: तारे किती, त्यांना ग्रह किती, त्यांतल्या कितींवर जीव, कितींवर बुद्धी, ती टिकते किती वर्षं, सगळ्यांचा गुणाकार. पहिल्या दोन-तीन पदांचे आकडे आज चांगले माहीत आहेत. पुढच्यांसाठी आपल्याकडे एकच उदाहरण आहे, आपलं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकच शीत हातात असेल आणि भात आहे की नाही हेच माहीत नसेल तेव्हा? ड्रेक यांचं समीकरण म्हणजे अज्ञानाची नीट लावलेली यादी. ती कामाची आहे, पण तिचं उत्तर म्हणून कुणी आकडा सांगितला तर त्याच्याकडे पाठ फिरवा.

मग मी संशयवाद्यांच्या बाजूची का नाही? तर पोहऱ्यामुळे.

आड रिकामा आहे असं म्हणायला पोहरा तळापर्यंत जायला हवा. आपण कुठवर सोडला? १९६० मध्ये ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत २६ मीटरच्या डिशने दोन तारे बघितले, टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी, मिळून दीडेकशे तास. (एप्सिलॉनकडे वळताच जोरदार ठोके आले. ते विमान असावं असं नंतर ठरलं. म्हणजे या क्षेत्राचा पहिला सिग्नलही आरएफआयच!) तेव्हापासून बरंच झालं, पण शोधायला किती आहे? दिशा, अंतर, फ्रिक्वेन्सी, सिग्नलची ताकद, तो कधी चालू असतो, कसा बांधलेला असतो. जेसन राइट, शुभम कानोडिया आणि एमिली लुबार यांनी २०१८ मध्ये हे सगळं एकत्र धरून हिशेब मांडला. निष्कर्ष असा, की पृथ्वीवरचे सगळे महासागर म्हणजे शोधायची जागा धरली, तर आपण आजवर तपासलं ते अंघोळीच्या एका मोठ्या टबाएवढं. टबात मासा नाही सापडला म्हणून समुद्रात मासे नाहीत असं कोळी तरी म्हणणार नाही.

आणि आपण किती बहिरे आहोत तेही ऐका. पृथ्वीवरून टीव्हीचे सिग्नल बाहेर पडतात आणि परग्रहवाले आपल्या मालिका बघत असतील, हा विनोद सगळ्यांना आवडतो. आपल्या आजच्या दुर्बिणी घेऊन कुणी प्रॉक्सिमापाशी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर, बसलं तरी त्याला आपला टीव्ही ऐकू येणार नाही. ऐकू येईल ते एका दिशेने रोखलेलं जोरदार रडार, आणि तेही त्याच्यावरच रोखलेलं असेल तेव्हाच. आपल्यासारखी संस्कृती शेजारच्या ताऱ्यापाशी असेल आणि गप्प आपलं काम करत असेल, तर साठ वर्षांच्या शून्याला तिच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. ते शून्य एवढंच सांगतं, की मुद्दाम आपल्याकडे, सतत, प्रचंड ताकदीने, आपण ऐकतो त्याच फ्रिक्वेन्सीला ओरडणारं जवळपास कुणी नाही. एवढं मात्र ते ठणकावून सांगतं.

परग्रहावरून आलेला कृत्रिम सिग्नल कसा दिसतो, हे आपल्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष बघितलं गेलं आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे डोंगरांचा आडोसा हे एक मोठं कारण होतं. शहरांचा गोंगाट अडतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा ट्रान्समीटर, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने ऐकला. पावणेदहा मिनिटं जुना सिग्नल, पडद्यावर एक बारीक रेघ. यानाचा वेग बदलेल तशी ती वळत होती. आणि उतरण्याच्या थोडं आधी गप्प झाली. यान आपटलं होतं. मंगळावरच्या अपघाताची पहिली चाहूल ज्यांना लागली त्यांत जुन्नर तालुक्यातल्या डिश होत्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण लक्षात घ्या, तिथे फ्रिक्वेन्सी, जागा, मिनिट सगळं आधी ठाऊक होतं. सेटीत यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता तबकड्या. फरक साधनांचा नाही, पुराव्याशी कसं वागतो त्याचा आहे. तबकडीवाल्याला 'हे काय आहे ते कळलं नाही' हे वाक्य पुराव्यासारखं वाटतं. आमच्याकडे त्या वाक्याने काम सुरू होतं आणि बहुतेक वेळा बूस्टरपाशी संपतं. नासाने नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये हेच सांगितलं, की अशा प्रसंगांमागे परग्रहवासी आहेत असं दाखवणारं काही नाही, आणि डेटा इतका सुमार आहे की बऱ्याचदा काहीच ठरवता येत नाही. वेरूळचं कैलास मंदिर एलियननी कोरलं म्हणणारे व्हिडिओ मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. त्या दगडावर छिन्नीच्या खुणा आहेत. राष्ट्रकूटांच्या काळात आपल्याच कारागिरांनी वरून खाली कोरत आणलेलं ते काम आहे. त्याचं श्रेय दुसऱ्या ग्रहाला देणाऱ्यांचा मला राग येतो, तो खगोलशास्त्रज्ञ म्हणून नाही.

मात्र अधलीमधली माणसंही असतात. हार्वर्डचे अवी लोएब हे खरे, नावाजलेले शास्त्रज्ञ. २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला 'ओमुआमुआ' हा पाषाण कृत्रिम असू शकेल असं ते म्हणाले. शंका घेणं चूक नव्हतं. ग्रीन बँकच्या दुर्बिणीने त्याकडे कान लावूनही बघितला, काही ऐकू आलं नाही. पण नैसर्गिक स्पष्टीकरणं पुढे येत गेली तरी त्यांची शंका काही कमी झाली नाही, आणि तिथे मला माझीच ती जाडसर रेघ आठवते. याउलट जयंत नारळीकर. २००१ मध्ये हैदराबादहून फुग्याने ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा करून त्यांच्या गटाने सूक्ष्मजीव शोधले. पुढच्या उड्डाणातून नव्या जातींचे जिवाणूही मिळाले. जीव अवकाशातून आला असावा या कल्पनेकडे त्यांचा स्वतःचा ओढा होता. तरी हे जिवाणू बाहेरचेच आहेत असं त्या प्रयोगाने सिद्ध झालं, असा दावा झाला नाही. असं थांबणं फार अवघड असतं.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेत १९७८ मध्ये सिनेटर प्रॉक्समायर यांनी सेटीला उधळपट्टीचा 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार दिला. नासाचा मोठा प्रकल्प १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि वर्षभरात सिनेटने बंद पाडला. त्यानंतर हे काम मुख्यतः देणग्यांवर चालतं. करदात्याचे पैसे बुडाले ही तक्रार म्हणूनच मला जरा शिळी वाटते.

राहिला शेवटचा प्रश्न, सांगाल का. लपवायची सोयच नाही हो. एका दुर्बिणीवर दिसलेला सिग्नल आमच्या हिशेबी सिग्नलच नसतो. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या बनावटीच्या दुर्बिणीने तो बघायला हवा. आणि तारा काही तासांत आपल्याकडे मावळतो, तेव्हा पश्चिमेच्या कुणाला तरी फोन करावाच लागतो. १९८९ पासून या क्षेत्रात एक लिखित संकेत आहे: आधी पडताळा, मग इतर वेधशाळांना कळवा, मग जगाला. बीएलसी-१ ची बातमी तर पडताळणी चालू असतानाच फुटली. गुपित ठेवायचंच म्हटलं तरी पहिल्या रात्रीतच निदान चार देशांतले पन्नासेक लोक जागे झालेले असतील, आणि त्यातला निम्मा वेळ प्रत्येक जण आपापल्या कॅन्टीनमधला ओव्हन बंद करून बघत असेल.